मिल म्हणजे किती सेंटीमीटर? सोळा आठवड्यांचा अनुभव

लांब पल्ल्याच्या नेमबाजीकडे वळायचं ठरवलं तेव्हा माझ्याजवळ दोन वर्षांचा सराव होता, पण सगळा 100 च्या आतला. जुना स्कोप (रायफलवरची नेमाची दुर्बीण) एमओएचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात मोजणारा. नवा घेतला तो मिलचा. टरेटवर, म्हणजे नेम वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकवायच्या चकतीवर, एवढंच कोरलेलं होतं : एका क्लिकला (चकतीच्या एका टप्प्याला) 0.1 मिल. ते वाचून माझ्या मनात पहिला प्रश्न आला तोच बहुतेकांच्या मनात येतो, की एक मिल म्हणजे नक्की किती सेंटीमीटर? या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझे पाच आठवडे गेले, आणि शेवटी कळलं की मुळात प्रश्नच चुकीचा होता. हे सगळं तारखांसकट लिहून ठेवतेय, म्हणजे तुमचे तरी पाच आठवडे वाचतील.

आधी थोडं मिलविषयी. मिल म्हणजे मिलिरेडियन, रेडियनचा हजारावा भाग. हा कोन आहे, लांबी नाही. हजार मीटरवर तो एक मीटर रुंदी व्यापतो, हजार यार्डांवर एक यार्ड, हजार पावलांवर एक पाऊल. त्यामुळे मिल हे मेट्रिकवाल्यांचं एकक आणि एमओए हे इंचवाल्यांचं, असं जे सर्रास सांगितलं जातं त्यात तथ्य नाही. मीटरमध्ये विचार करणाऱ्याला आकडेमोड सोपी जाते इतकंच : 100 मीटरवर 1 मिल म्हणजे 10 सेंटीमीटर, एक क्लिक म्हणजे 1 सेंटीमीटर. 1 मिलमध्ये सुमारे 3.44 एमओए बसतात. पूर्ण वर्तुळात 2π गुणिले हजार, म्हणजे सुमारे 6283 मिलिरेडियन असतात. तोफखान्याच्या होकायंत्रांवर मात्र हा आकडा सोयीसाठी गोल केलेला असतो, नाटोच्या पद्धतीत 6400 आणि जुन्या सोव्हिएत पद्धतीत 6000. माहिती शोधताना हे तिन्ही आकडे समोर येतात आणि गोंधळ उडतो. स्कोपपुरतं 6283 वालं खरं मिलिरेडियन लक्षात ठेवलं तरी भागतं.

आमच्या रेंजवर 300 मीटर आणि त्यापुढच्या लेनवर थेट जाता येत नाही. त्यासाठी वेगळी परवानगी लागते. अर्जाला परवान्याची प्रत आणि रायफलचा क्रमांक लागतो, सुरक्षा वर्गाची सही लागते, आणि 100 च्या लेनवरचे तीन टार्गेट-कागद लागतात. हे तिन्ही कागद त्याच रायफल-स्कोपच्या जोडीचे हवेत आणि प्रत्येकावर रेंज ऑफिसरची सही हवी. स्कोप बदलला की कागद पुन्हा पहिल्यापासून. शिवाय आमच्या प्रशिक्षकांची एक अट होती, की टरेट खरोखर जेवढं सांगतं तेवढं फिरतं हे तपासल्याशिवाय ते शिफारस लिहीत नाहीत. पुढचं सगळं या अटीमुळे घडलं.

5 जानेवारीला स्कोप बसवला. यात एक संध्याकाळ गेली. रायफल पाण्याच्या लेव्हलनं सरळ केली, समोर पंचवीस मीटरवर दोरीला वजन बांधून ओळंबा सोडला आणि रेटिकलची (स्कोपच्या काचेवरच्या नेमाच्या रेघांची) उभी रेघ त्या दोरीवर बसेपर्यंत स्कोप रिंगांमध्ये फिरवत राहिले. मग स्क्रू टॉर्क पान्यानं, स्कोपच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकेच आवळले. हाताच्या अंदाजानं आवळू नका. स्क्रू आवळताना स्कोप किंचित फिरतो, म्हणून थोडं इकडचं, थोडं तिकडचं, असं आळीपाळीनं करायचं आणि दर फेरीला दोरीकडे पुन्हा पाहायचं.

11 जानेवारीला झिरो केलं, म्हणजे जिथे नेम तिथेच गोळी लागेल असा स्कोप जुळवला, 14 काडतुसं लागली. पाच गोळ्यांचा ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) मध्यापासून 4 सेंटीमीटर खाली आणि 7 सेंटीमीटर उजवीकडे आला. मी पट्टीनं मोजलं, वहीत भागाकार केला, 4 क्लिक वर आणि 7 क्लिक डावीकडे दिले. टरेटवरचा बाण गोळी कुठे सरकेल ते दाखवतो. रेटिकल कुठे सरकेल ते दाखवत नाही. हे एकदा मनात पक्कं करून घ्या, पहिल्या दिवशी इथेच सगळे उलटे फिरवतात. पुढचा ग्रुप मध्यावर आला. मग टरेटची टोपी सैल करून शून्य रेघेवर आणलं, झिरो स्टॉप लावला. आता टरेट शून्याच्या खाली अडतं, त्यामुळे अंधारातही बोटांना शून्य सापडतं.

सर मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "पट्टी कशाला घेतलीस? पट्टी स्कोपमध्येच आहे की." मी हो म्हटलं आणि पट्टी पिशवीत ठेवली. त्यांचं म्हणणं मला तेव्हा कळलं नव्हतं.

18 जानेवारीला टरेटची चाचणी होती. याला उंच टार्गेटची चाचणी म्हणतात. सव्वा मीटर उंचीचा फळा, त्यावर ओळंब्यानं आखलेली उभी रेघ, आणि रेघेच्या तळाशी एक ठिपका. नेम कायम त्याच ठिपक्यावर धरायचा. आधी शून्यावर तीन गोळ्या, मग टरेट 10 मिल वर फिरवून तीन गोळ्या. दोन ग्रुपच्या मध्यांमधलं अंतर 100 मीटरवर बरोबर 100 सेंटीमीटर यायला हवं. माझं आलं 91.5. दोन्ही ग्रुप नीट, मुठीत मावतील एवढे. पुन्हा सहा गोळ्या मारल्या. पुन्हा साडेएक्याण्णवच.

साडेआठ टक्के कमी. मनात हिशेब सुरू झाला : 600 मीटरवर पाच मिल फिरवले तर जवळजवळ अर्ध्या मिलचा घोटाळा, म्हणजे पाव मीटरहून जास्त. स्कोपसाठी बरेच दिवस पैसे साठवले होते. त्या दुपारी रायफल पुसतानासुद्धा मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. सरांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "अंतर मोजलंस का?" मी म्हटलं हो, लेझरनं मोजलं, शंभर आलं. आणि ते खरंच होतं, रेंजफाइंडरनं 100 दाखवलं होतं. लेनच्या पाटीवरही 100 च लिहिलेलं होतं.

20 जानेवारीला स्कोप सर्व्हिस केंद्राकडे रवाना केला. तिथल्या अर्जात दोषाचं वर्णन लिहायला दोन ओळींची जागा होती, मी मागच्या पानावरही लिहिलं. सोबत दोन्ही चाचण्यांच्या कागदांचे फोटो जोडले. पाठवण्याआधी स्कोपच्या नंबरचा आणि रिंगांमधल्या त्याच्या जागेचा फोटो काढून ठेवा, परत बसवताना उपयोगी पडतो. उत्तर यायला 24 दिवस लागले. त्या दिवसांत सराव बंद, आणि तीन कागदांची अट असल्यामुळे दुसरा स्कोप लावून चालणार नव्हतं. 13 फेब्रुवारीला पेटी आली. आत स्कोप आणि एक पानाचा अहवाल : उपकरणावर तपासणी केली, टरेट योग्य फिरतं, दोष आढळला नाही.

मला तो अहवाल खरा वाटला नाही. टाळाटाळ वाटली.

15 फेब्रुवारीला सर स्वतः आले. पुन्हा स्कोप बसवला, पुन्हा झिरो, पुन्हा तोच फळा. शून्यावर तीन, 10 मिलवर तीन. फळ्याजवळ जाऊन टेप लावली : 91 सेंटीमीटर आणि वर थोडं. मी काही बोलले नाही, टेप त्यांच्याकडे दिली. त्यांनी ती मिटवून खिशात टाकली. दोन्ही ग्रुपच्या मध्यांवर काळी गोल चिकटपट्टी लावली आणि मला परत रायफलजवळ घेऊन गेले.

"काडतुसं काढ, बोल्ट उघडा ठेव. आता फक्त बघ. रेटिकलचा मध्य वरच्या ठिपक्यावर धर. खालचा ठिपका कुठल्या रेघेवर येतो?"

रेटिकलच्या मध्यापासून खाली रेघा मोजत गेले. दोन, चार, सहा, आठ. खालचा काळा ठिपका दहाच्या रेघेवर येऊन बसला होता. रेघ ठिपक्याच्या बरोबर मधून जात होती, दोन्ही बाजूंना सारखा काळा रंग दिसत होता.

"टरेटनं दहा दिले, रेटिकलनं दहा मोजले. रेटिकल काचेवर कोरलेलं असतं, टरेट स्क्रूवर चालतं. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. दोघंही एकाच मापानं चुकतील का? मग चूक कुठे उरली?"

उरलं होतं फक्त अंतर. मी रेंजफाइंडर काढून पुन्हा फळ्यावर धरला. 100. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला नाही, फक्त विचारलं, "कोपऱ्यात काय लिहिलंय?" आकड्याच्या खाली उजवीकडे, मुंगीएवढं, वाय असं इंग्रजी अक्षर होतं. यंत्र कारखान्यातून यार्डांवर लावून आलं होतं आणि मी ते कधी बदललंच नव्हतं. पाटीवरचं 100 सुद्धा यार्डांचंच होतं. ती लेन जुनी, 300 च्या पुढच्या लेन नव्या आणि मीटरमधल्या. पाटीवर एकक लिहिलेलं नव्हतं, आणि दोन ठिकाणी शंभर दिसल्यावर मी तिसरीकडे बघितलं नाही. 100 यार्ड म्हणजे 91.44 मीटर. त्या अंतरावर 10 मिल म्हणजे 91.44 सेंटीमीटर. माझा स्कोप पहिल्या दिवसापासून बरोबर होता. झिरो करताना हे लक्षात आलं नाही, कारण चार-सात सेंटीमीटरमधले साडेआठ टक्के म्हणजे गोळीच्या भोकापेक्षाही कमी.

मी तिथेच बाकावर बसले. सुटल्यासारखं वाटलं आणि 24 दिवसांचं वाईटही वाटलं. सर्व्हिस केंद्राला त्याच रात्री पत्र लिहून दोष मागे घेतला.

पण खरी गोष्ट यार्डाची नव्हतीच. मी मधे सेंटीमीटर आणले म्हणून अंतराची चूक माझ्या मोजमापात शिरली. पहिल्या दिवशी सर पट्टीबद्दल बोलले होते ते हेच होतं. टरेट कोनात फिरतं, रेटिकल कोनात मोजतं. गोळी जिथे लागली ते रेटिकलनं मोजलं की तोच आकडा टरेटवर द्यायचा. गोळी 0.7 खाली दिसली, 0.7 वर द्या. 200 मीटर असो की 900, तेवढ्यासाठी अंतर माहीत असण्याचीसुद्धा गरज नाही. सेंटीमीटर, इंच, भागाकार, काहीच लागत नाही. मी वहीतलं सेंटीमीटरचं कोष्टक त्या दिवशी खोडून टाकलं.

याला एक अट आहे. रेटिकल फर्स्ट फोकल प्लेनवर हवं, म्हणजे झूम वाढवला की रेघाही सोबत मोठ्या होणारं. मग कुठल्याही झूमवर एक मिल तो एकच मिल राहतो. सेकंड फोकल प्लेनवाल्या स्कोपमध्ये रेघा ठरावीक झूमलाच खऱ्या असतात, बहुतेक वेळा सगळ्यात जास्त झूमला. तो आकडा पुस्तिकेत पाहून घ्या. आणि टरेट एमओएचं, रेटिकल मिलचं अशी मिश्र जोडी कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. दर गोळीला 3.44 नं गुणत बसावं लागेल.

22 फेब्रुवारीला तिसरा कागद झाला, 23 ला अर्ज दिला. अर्जात अंतराच्या रकान्यात मी "100 यार्ड" असं स्पष्ट लिहिलं. खिडकीवरच्या कारकुनांनी आधी ते खोडायला सांगितलं, कारण बाकी सगळ्यांच्या अर्जात नुसतं 100 असतं. रेंज ऑफिसरांनी वाचलं आणि तसंच राहू दिलं. 13 मार्चला परवानगी आली, 18 दिवसांनी.

15 मार्च, 300 मीटर. माझी रायफल .308 विंचेस्टरची, गोळी 175 ग्रेन वजनाची. मोबाइलवरच्या बॅलिस्टिक ॲपमध्ये गोळीचा वेग, तिचा बॅलिस्टिक कोएफिशंट (ती हवा किती सहज कापते त्याचा आकडा), नळीच्या मध्यापासून स्कोपच्या मध्याची उंची, झिरोचं अंतर, तापमान आणि हवेचा दाब भरला की कुठल्या अंतराला किती मिल द्यायचे ते कोष्टक मिळतं. वेग मी काडतुसांच्या खोक्यावरचा भरला, सेकंदाला 792 मीटर. 300 ला 1.6 आलं. दिलं, गोळ्या लक्ष्याच्या पाटीवर लागल्या. त्या दिवशी मी फार खूश होते.

29 मार्चला 400 आणि 500 वर गेले तेव्हा त्या कोष्टकाचा दोष दिसला. 400 ला 2.7 दिल्यावर गोळ्या किंचित खाली, 500 ला 3.9 दिल्यावर 0.2 खाली, आणि दर वेळी खालीच. कधी वर, कधी खाली असतं तर दोष माझा होता. एकाच बाजूला आणि अंतरागणिक वाढत जाणारी चूक म्हणजे कोष्टकात काहीतरी चुकलंय. सरांनी क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावला, दहा गोळ्यांची सरासरी आली 781. खोक्यावरचा आकडा अनेकदा कारखान्यातल्या लांब चाचणी-नळीचा असतो. सेकंदाला 11 मीटरचा फरक 300 वर जाणवत नाही, पण 600 वर तो 0.2 मिल, म्हणजे 12 सेंटीमीटर होतो. नवं कोष्टक असं आलं : 300 ला 1.7, 400 ला 2.8, 500 ला 4.1, 600 ला 5.4. हे आकडे माझ्या रायफलचे आहेत, तुमच्या रायफलला लावू नका.

त्याच दिवशी रेटिकलनं अंतर मोजायचा सराव केला. वस्तूची उंची मीटरमध्ये घ्यायची, हजारानं गुणायची, रेटिकलमध्ये ती जितके मिल दिसते त्यानं भागायचं. अर्ध्या मीटरचा फळा बरोबर 1 मिल दिसला तर तो 500 मीटरवर आहे. सोपं वाटतं. पण मी तोच फळा पहिल्यांदा 0.9 वाचला आणि उत्तर आलं 556. दुसऱ्या वेळी 1.1 वाचला, 455. एका बारीक रेघेच्या फरकानं शंभर मीटर इकडचे तिकडे. माझ्या रायफलला 455 ला साधारण साडेतीन मिल लागतात आणि 556 ला पावणेपाच. लेझर असेल तर लेझरच वापरा (त्याचं एकक पाहून), पण हा सराव जरूर करा, कारण यानं डोळ्याला मिलच्या दहाव्या भागापर्यंत वाचायची सवय लागते, आणि गोळी कुठे लागली ते वाचताना तीच सवय कामाला येते.

5 एप्रिलबद्दल लिहायचं की नाही यावर विचार केला. लिहिते. 500 मीटरवर पाच गोळ्या मारल्या, टरेट 4.1 वर. मग 300 वर वळायचं होतं. मी बायपॉड (रायफलचा दोन पायांचा आधार) सरकवला, पॅरालॅक्सची चकती (डोकं हललं तरी रेटिकल लक्ष्यावर सरकू नये म्हणून असते ती) फिरवली, श्वास सोडला, ट्रिगर दाबला. पाटीजवळ काहीच दिसलं नाही. आणखी एक गोळी. मागच्या मातीच्या बांधावर, पाटीच्या खूप वर, धूळ उडाली. तिसरी आणि चौथीही तिथेच. तेवढ्यात शिट्टी वाजली. टरेट 4.1 वरच होतं. 2.4 मिल जास्त, 300 मीटरवर 72 सेंटीमीटर. गोळ्या बांधातच गेल्या, कुणाला धोका झाला नाही, पण बांधाची वरची कड तिथून फार लांब नव्हती, आणि पहिली गोळी दिसली नाही तेव्हाच मी थांबायला हवं होतं. न दिसलेल्या गोळीनंतर दुसरी मारायची नाही, हा नियम सुरक्षा वर्गात शिकवलेला असतो.

रेंज ऑफिसरांनी आवाज चढवला नाही. "आजचं बंद करा, तुम्ही पुन्हा वर्गाला बसा," म्हणाले आणि नोंदवहीत तारीख, वेळ, लेन क्रमांक, रायफल क्रमांक लिहून माझी सही घेतली. हात थरथरत होता, सही माझ्या नेहमीच्या सहीसारखी आली नाही. 12 एप्रिलला दोन तासांचा सुरक्षा वर्ग पुन्हा केला, नव्या मुलांसोबत. तेव्हापासून दर मालिका संपली की बोल्ट उघडते, टरेट झिरो स्टॉपला टेकेपर्यंत मागे आणते आणि "शून्य" असं मोठ्यानं म्हणते. नवं अंतर द्यायचं असलं तर आकडा आधी म्हणते, मग फिरवते, मग टरेटवर वाचून पुन्हा म्हणते. शेजारच्या लेनवरच्या मैत्रिणीनंही आता हेच सुरू केलंय.

19 एप्रिलला पहिल्यांदा 600. पहाटे वारा जवळजवळ नव्हता. 5.4 दिले. उंची बरोबर, पण गोळ्या सगळ्या 0.3 डावीकडे. मला वाटलं वारा आहे, फक्त मला जाणवत नाही. वाळलेल्या गवताकडे, झेंड्याकडे बघत अर्धा तास घालवला. सर आडवे झाले, माझ्या खांद्यामागून रायफलकडे पाहिलं आणि स्कोपच्या नळीवर छोटा लेव्हलचा बुडबुडा चढवला. बुडबुडा एका टोकाला. 600 चा चौथरा किंचित उतरता आहे, त्यामुळे माझी रायफल डावीकडे साधारण तीन अंश कललेली होती, आणि रेटिकल तिच्यासोबत कललेलं असल्यानं मला सगळं सरळच दिसत होतं. रायफल कलली की टरेटनं दिलेली उंची पूर्ण वर जात नाही, तिचा थोडा भाग बाजूला जातो. 5.4 मिलमधले सुमारे 0.3, म्हणजे 600 मीटरवर 17 सेंटीमीटर. 100 वर उंचीच द्यावी लागत नाही, म्हणून तिथे हे कळतच नाही. जितकं जास्त फिरवाल तितकं कलणं महाग पडतं. बायपॉडचा एक पाय एक खाच वाढवला, बुडबुडा मधे आला, गोळ्याही मधे आल्या.

पॅरालॅक्सचंही त्याच दिवशी शिकले. चकतीवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. डोकं किंचित वर-खाली हलवून बघा, रेटिकल लक्ष्यावर सरकताना दिसलं तर चकती थोडी फिरवा. सरकणं थांबलं की झालं, मग चकतीवर कुठलाही आकडा असो.

त्या दिवशी 34 गोळ्या झाल्या आणि उन्हं चढली तसा वारा वाढत गेला, तेव्हा मारणं थांबवून मी फक्त वारा वाचत बसले. वाऱ्याचं कुठलंही कोष्टक पुरेसं नाही, पण सुरुवात करायला एक आकडा लागतो. माझ्या गोळीला 600 मीटरवर सेकंदाला 3 मीटरचा सरळ आडवा वारा साधारण 1 मिल ढकलतो. वारा गोळीच्या वाटेशी 30 अंशात तिरका असेल तर त्याचा निम्मा परिणाम धरायचा, 45 अंशात असेल तर सुमारे 0.7. उंची टरेटवर द्यायची, वारा मात्र रेटिकलवर धरायचा, कारण उंची त्या अंतरासाठी ठरलेली असते आणि वारा दर श्वासाला बदलतो.

3 मे. सकाळी साडेसात, 600 मीटर, 45 सेंटीमीटरची लोखंडी पाटी. रेटिकलमध्ये ती पाऊण मिल दिसते. डावीकडून वारा, झेंडा अर्धा उचललेला, वारामापकावर 3 च्या आसपास. "पाच चार," म्हटलं, फिरवलं, वाचलं. बुडबुडा मधे. पाटीचा मध्य रेटिकलच्या मध्यापासून 1 मिल उजवीकडे ठेवला, म्हणजे नेम डावीकडे, वाऱ्याच्या तोंडावर धरला. पहिली गोळी. मागच्या मातीत उजवीकडे धूळ उडाली.

"किती?" सरांनी स्पॉटिंग स्कोपमधून डोळा न काढता विचारलं. त्यांना दिसलं होतंच, ते माझ्याकडून ऐकायचं होतं.

"पॉइंट पाच उजवीकडे. उंची बरोबर."

किती सेंटीमीटर, ते माझ्या मनात आलंच नाही. दीड मिल डावीकडे धरलं. ट्रिगर. धक्का बसून रेटिकल परत स्थिर होतंय तोवर पाटी हलताना दिसली. गोळीला तिथे पोहोचायला एक सेकंद लागतो आणि आवाजाला परत यायला पावणेदोन, म्हणून पाटी आधी हलते आणि मग, आपण आता काही ऐकू येणार नाही असं म्हणेपर्यंत, दुरून बारीक टणत्कार येतो. तो आवाज मी सोळा आठवडे मनात ऐकत होते. डोळ्यांत पाणी आलं आणि पुढच्या गोळीआधी थांबावं लागलं.

वीसपैकी अकरा लागल्या. चुकलेल्या नवांपैकी आठ वाऱ्याच्या, सगळ्या आडव्या. एक माझी, ट्रिगर ओढल्याची. सगळ्या मिलमध्ये लिहून ठेवल्या आहेत.

11 जानेवारीपासून या दिवसापर्यंत एकूण 194 काडतुसं लागली. लेझरचा सेटिंग-पडदा आधी उघडून पाहिला असता तर यातली बारा नक्की वाचली असती.

800 मीटरच्या लेनचा अर्ज वेगळा आहे, त्याला 600 वरचे पाच कागद लागतात. एक झाला. निघताना खिडकीवर रिकामी कवचं मोजून द्यावी लागतात, वीस नेली तर वीस परत. माझी एकोणीस भरली. सर आणि मी चौथऱ्यावर परत गेलो, चटई उचलली, विसावं कवच तिच्या घडीत अडकलं होतं. ते देऊन सही केली.